साडेसत्तावीसचं चाक

"मिस्त्री, चाकाचं नंतर सांगा. माझं रक्त का फुटतंय ते सांगा आधी."

सायकलच्या दुकानात असलं बोलणं रोज ऐकू येत नाही. मिस्त्री चाकाच्या तारा ताणत बसला होता. त्यानं पाना खाली ठेवला आणि तिच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं. कुठं रक्त दिसेना.

"कुठं लागलं, ताई?"

"मला नाही हो. पेटीतलं."

बाईला सगळे सुईवाली म्हणायचे. तपासणीच्या लॅबसाठी घरोघर फिरून रक्त काढून आणायचं, हे तिचं काम. बावीस वर्षं झाली. जिना उतरवत नाही अशी म्हातारी माणसं, नुकतंच ऑपरेशन झालेली, नुसतीच आळशी, अशी रोजची अठरा-वीस दारं. उंची पावणेपाच फूट, आवाज सात फुटांचा, आणि हात असा हलका की माणूस "टोचणार कधी?" विचारेपर्यंत नळी भरलेली असायची. शीर ती डोळ्यांनी कधी शोधत नसे. डोळा फसवतो म्हणायची. बोट ठेवायचं, दाबायचं, सोडायचं. दबली आणि उसळून वर आली की तीच. गल्लीत समोरून येणाऱ्या माणसाचं नाव तिला पटकन आठवायचं नाही. पण त्याची डावी शीर पळपुटी आहे, हे बरोबर आठवायचं.

तर गेल्या तीन महिन्यांपासून तिचे नमुने फुटत होते. लॅबमध्ये यंत्रावर बसणारे एक वयस्क गृहस्थ होते, त्यांना सगळे मामा म्हणायचे. त्यांनी तिला नळी उजेडात धरून दाखवली. रक्त यंत्रात गरगर फिरवलं की लाल खाली बसतं आणि वर पिवळं पाणी येतं. तिच्या नळ्यांत ते गुलाबी यायला लागलं होतं. वाटेत धक्के बसून रक्तातल्या पेशी फुटतात, असं मामांचं म्हणणं. असला नमुना फेकायचा आणि त्या माणसाला परत जाऊन टोचायचं.

एका महिन्यात असे अकरा झाले. लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावलं.

"तुमचा हात चांगला आहे, तो प्रश्न नाही. पण पुढचा आठवडा मी बघणार. तसंच राहिलं तर फेरी स्कूटरवाल्याकडे आणि तुम्ही काउंटरवर. खुर्ची आहे, पंखा आहे. वयही झालंय आता."

काउंटर म्हणजे काचेला पाडलेलं भोक. पलीकडून माणूस नाव सांगणार, अलीकडून हिनं ते लिहायचं. बावीस वर्षं ज्यांचे दंड धरले त्यांची आता नुसती तोंडं बघायची, या विचारानं तिला रात्रीचं जेवण गेलं नाही.

तिच्या रोजच्या वाटेवर, हॉस्पिटलमागच्या गल्लीत, तीन महिन्यांपूर्वीच डांबर उखडून दगडी फरशी बसवली होती. म्हणजे दोष धक्क्यांचा, धक्का सायकलचा आणि सायकल चाकाची, असा हिशेब लावून ती मिस्त्रीकडे आली होती.

"तुमचं सव्वीस इंची आहे," मिस्त्री म्हणाला. "जुन्या मापाचं, त्यात टायर बारीक. एकोणतीस घ्या. डोंगरात चालणारी सायकल आहे. मोठं चाक खड्ड्यात पडत नाही, वरून जातं."

"आणि मी चाकावरून जाईन. माझी उंची बघा."

"मग साडेसत्तावीस."

"ते का?"

"मधलं आहे."

"मधलं म्हणून घ्यायला ती काय मधली सून आहे, कुणाशी भांडण नको म्हणून?"

मिस्त्री हसला नाही. त्यालाही तीन सुना होत्या. "टायर रुंद आहे, ताई. सव्वादोन इंच. कडेला गोट्या आहेत पण मधून गुळगुळीत, रोजच्या रस्त्याला बरा."

"बोलून काय होतंय. दोन्ही द्या, रविवारी करून बघते."

घरी तिचा नवरा वाट बघत होता. चौतीस वर्षं बस चालवून तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झालेला. तरी पहाटे पाचला डोळा उघडायचाच. उघडल्यावर करायचं काय, म्हणून तो बायकोच्या सायकलीत हवा भरायचा. मन लावून भरायचा. दोन नव्या सायकली दारात बघून त्याला जरा कामाचा माणूस झाल्यासारखं वाटलं.

रविवारी तिघं लॅबच्या मागच्या खोलीत जमली. ती, नवरा आणि मामा. कुणाचं रक्त घ्यायचं यावर थोडा वाद झाला.

"माझं घ्या," नवरा मामांना म्हणाला. "हिच्यात आधीच जागा कमी."

"अहो, मूठ आवळा."

"चौतीस वर्षं स्टेअरिंगच आवळलंय."

"मग आता गप्प बसून आवळा."

चार नळ्या भरल्या. एक टेबलावर राहिली, हलवायची नाही म्हणून. बाकीच्या तीन एकेक करून पेटीत बसल्या आणि ती प्रत्येक सायकलवरून दगडी गल्लीत दोनदा जाऊन आली. एकोणतीसवरून उतरताना दर वेळी घोड्यावरून उडी मारल्यासारखी मारावी लागली. एका म्हाताऱ्यानं खिडकीतून हे बघितलं आणि खिडकी लावून घेतली.

मामांनी चारही नळ्या फिरवल्या. टेबलावरची पिवळी. बाकीच्या तिन्ही गुलाबी, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं.

"म्हणजे चाकात काही नाही," मामा म्हणाले.

"मग नवी कशाला घ्यायची?" नवरा खूश झाला.

ती बाहेर येऊन पायरीवर बसली. डोळ्यांसमोर काचेचं भोक दिसत होतं. समोर साडेसत्तावीसचं चाक. हाताला चाळा म्हणून तिनं टायरवर बोट ठेवलं, दाबलं. दबेना. सव्वीसचा दाबला. तोही नाही. एकोणतीसचा तर दगडच.

"अहो, यात हवा कुणी भरली?"

"मीच. पहाटे. तिन्हींत सारखी भरली, उगाच भेदभाव नको."

"किती?"

"अंगठा जाईना इतकी. मग वर पंपाचे दहा दट्टे. बसच्या टायरला लाथ घातली की ठण्ण वाजला पाहिजे, ही आपली रीत."

"रोज अशीच भरता?"

"रोज. कधी चुकवलंय का?"

तीन महिने म्हणजे किती पहाटा, ते तिच्या मनात आपोआप मोजलं गेलं. मग उठली आणि मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री हवेचा काटा घेऊन आला, साडेसत्तावीसला लावला. काटा पासष्टच्या पुढं गेला, आणि पुढं आकडे नव्हते.

"दाजी," मिस्त्री म्हणाला, "ही बाई पंचेचाळीस किलोची. हिच्यात पन्नास माणसं बसत नाहीत. एवढ्या रुंद टायरला पंचवीस पौंड पुरे."

फुस्स करत हवा जाऊ लागली. ती मधूनमधून बोटानं दाबून बघत होती. एका ठिकाणी टायर दबला आणि उसळून वर आला.

"बास," ती म्हणाली. मिस्त्रीनं काटा लावला. सव्वीस. एकानं चुकली.

नवऱ्यानं न सांगता दुसरी बाही वर केली. बाकीच्या दोन्हींचीही हवा उतरवली. परत चार नळ्या, परत तीच गल्ली. जुन्या सव्वीसची हवा कमी केल्यावर बारीक टायर चेपला आणि रिम दगडाला भिडली. ती नळी फिकट गुलाबी. एकोणतीस आणि साडेसत्तावीस दोन्ही पिवळ्याधमक.

"कुठलं घ्यायचं?" मिस्त्रीनं विचारलं.

तिनं साडेसत्तावीसच्या सीटवर बसून दोन्ही पाय खाली सोडले. चवडे टेकले. "दिवसाला वीस दारं. वीसदा उतरायचंय मला. हेच."

नवरा दोन्ही दंडांवर कापूस धरून खुर्चीत बसला होता. "म्हणजे त्या अकरा माणसांना दुसऱ्यांदा मीच टोचलं."

तिनं मिस्त्रीच्या हातातला काटा घेऊन नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. "उद्यापासून पंचवीस. टायरची हवा रोज थोडी उतरते, रोज बघावं लागणार. पाचला उठून ते माझ्याच्यानं होणार नाही."

त्यानं काटा उलटासुलटा करून बघितला. घरी गेल्यावर दाराशेजारच्या भिंतीवर खडूनं २५ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या, डेपोत लिहायचे तशा.

आठवडा गेला. शनिवारी मामांनी नळ्यांचा स्टँड डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी एकेक उजेडात धरली. फेकायची एकही निघाली नाही. त्यांनी सोमवारच्या फेरीची यादी छापून तिच्या हातात दिली. एकवीस नावं होती. पेन काढून तिनं प्रत्येक नावापुढं डावा-उजवा लिहून टाकलं.

सोमवारी पहाटे दाराबाहेर दोनदा दट्ट्याचा आवाज झाला, मग बारीक फुस्स, मग बराच वेळ काहीच नाही. ती बाहेर आली तेव्हा नवरा काटा डोळ्याजवळ धरून उभा होता.

"पंचवीसला अर्धा कमी," तो म्हणाला.

"चालेल."

"चालेल कसं? थांब."

ती थांबली. मग पेटी मागं बांधली आणि निघाली. पहिलं दार तिसऱ्या गल्लीतल्या मास्तरांचं. चवडे टेकले, सायकल भिंतीला लावली, आत गेली.

"आज उशीर?" मास्तर म्हणाले.

"हवेचं काम होतं. उजवा हात द्या, मास्तर. डावी तुमची पळते."

तिनं बोट ठेवलं, दाबलं, सोडलं.