मुंग्या मारलेला माळ

आमच्या शालनकाकीच्या शब्दाला गावात वजन होतं. बांधाचा तंटा असो की सोयरीक, "शालनबाईला विचारा" म्हणायचे. अशी बाई एका गोष्टीवर चौदा वर्षं तोंड शिवून बसली आणि त्याची शिक्षा माझ्या बापाने भोगली. ती माझी सख्खी थोरली चुलती. माझा तिच्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

चाकणच्या अलीकडे आमचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला गायरान, म्हणजे सगळ्यांच्या चराईचा माळ. माझे वडील ज्योतीराम, त्यांना आम्ही आबा म्हणतो, त्यांच्या बावीस शेळ्या तिथे चरायच्या. एका वर्षी माळाच्या खालच्या भागात गवत यायचं कमी झालं. दोन वर्षांत जमीन अशी टणक झाली की पाऊस पडला तरी पाणी वरच्या वर वाहून जायचं. ज्योतीरामच्या शेळ्यांनी मुळासकट खाल्लं, असं गावाने ठरवलं आणि त्यांची चराई बंद केली. आबांनी सगळ्या शेळ्या चाकणच्या बाजारात विकल्या आणि एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाले. माळावरून जायची वेळ आली तर ते लांबच्या रस्त्याने जायचे.

काकी मात्र रोज आपली गाय घेऊन माळावर जायची. कधीकधी तासन्‌तास एका जागी बसून मुंग्या बघत राहायची. वय झालं, दुसरं काय, असं मला वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात गायरानाचा बराचसा भाग गोदामांसाठी गेला. दोन एकर चराईला ठेवणार होते. ते कुठले, एवढं गावाने सांगायचं होतं. सभा माळावरच, त्या खालच्या भागात भरली. आबा पहिली शिफ्ट करून युनिफॉर्मवरच आले आणि कडेला उभे राहिले. बहुतेकांना खालचा तुकडा हवा होता. सपाट आणि रस्त्याला लागून, कुणाला नको असतो?

सरपंच म्हणाले, "आता ज्योतीरामच्या शेळ्या न्हाईत. बी टाकलं की उगवंल."

तेव्हा काकी उठली. तिने दोन हंडे पाणी आणून ठेवलं होतं. एक तिने तिथेच ओतला. पाणी घसरत सरपंचांच्या चपलांपर्यंत गेलं. मग ती सगळ्यांना वर धोंड्यांच्या भागात घेऊन गेली. तिथे काळ्या मुंग्यांची बिळं होती. प्रत्येक बिळाभोवती फोलपटांचं कडं आणि कड्याला लागून दाट पवना गवत. दुसरा हंडा तिने त्या गवतात ओतला. पाणी जागच्या जागी जिरलं.

"मुंग्या जमीन पोखरत्यात, त्या वाटंनं पानी मुरतं," काकी म्हणाली. "गवताचं बी आत न्हेत्यात, फोलपटं भाइर टाकत्यात, त्याचं खत व्हतं. न्हेताना सांडलेलं बी तिथंच उगवतं. खालच्या तुकड्यात एक बीळ दावा मला."

"खाली का न्हाईत मग?" कुणीतरी विचारलं.

काकीने आबांकडे पाहिलं. "मी मारल्या. आमची हर्षाली तान्ही व्हती. हितं माळावर सावलीला निजवलेली, तिच्या अंगावर मुंग्या चढल्या, लेकीचं तोंड सुजलं. घरात बटाट्याच्या रानाला आणलेली किडीची पावडर व्हती, दोन पोती. आठ दिस एकेका बिळात वतत फिरले. गवत यायचं थांबलं तवा उमगलं मला. तवर भावजींचं नाव निघालं व्हतं. मी गप बसले."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे संन्यासी घरचाच होता. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या, पण आबांनी हात वर करून मला थांबवलं. सभेने वरचे दोन एकर राखायचं ठरवलं आणि लोक पांगले. आम्ही तिघेच उरलो.

"शिव्या द्या भावजी," काकी म्हणाली. "न्हाईतर चार थोबाडात द्या. आज पाया पडून सुटायचं न्हाई मला."

"शिव्या देऊन काय करू?" आबा म्हणाले. "बावीस व्हत्या माझ्या. त्येंची नावं तेवढी ऐकून घ्या."

आणि आबांनी नावं घ्यायला सुरुवात केली. चंद्री, बांडी, ठिपकी, मोरी, तिची मोडक्या पाठीची लेक... मध्ये थांबले नाहीत, एकही चुकले नाहीत. घरात या चौदा वर्षांत मी त्यांच्या तोंडून एकाही शेळीचं नाव ऐकलं नव्हतं. काकी मान खाली न घालता, त्यांच्या तोंडाकडे बघत ऐकत राहिली. बाविसावं नाव घेऊन आबा थांबले, आणि काकी खाली मातीत बसली.