पहिला मान

सुक्या मासळीचा वास आला की मला काकांचा राग येतो. समुद्रकाठचं एक एवढंसं गाव आमच्याच पूर्वजांनी वसवलं, असं ते तंजावुरात सगळ्यांना सांगायचे, आणि एका उत्सवाला बसमध्ये घालून मलाही तिकडे घेऊन गेले. तापलेली वाळू, देवळापुढे पसरलेली जाळी, सगळीकडे वाळत घातलेले मासे, आणि काका गावच्या म्हाताऱ्या पुढाऱ्याला आमची वंशावळ ऐकवताहेत! म्हाताऱ्याने वाद घातलाच नाही. पहिल्या मानाचं रेशमी वस्त्र त्याने काकांच्या डोक्याला गुंडाळलं आणि तमिळमध्ये म्हणाला, “बरं झालं आलात. गाव वसवणाऱ्याच्या घरचा माणूस गळ्याएवढ्या पाण्यात बुडी मारतो, मगच आमच्या होड्या निघतात. इतकी वर्षं कोणी नव्हतं म्हणून मीच जायचो.” काकांनी लाटांकडे पाहिलं, नेसलेली कोरी वेष्टी सावरली आणि मला म्हणाले, “मला पडसं आहे रे. तू जा, आपलंच गाव आहे.” गेलो. नाकातोंडात खारं पाणी शिरत होतं, आणि काका किनाऱ्यावरून हात हलवत होते. आता दरवर्षी तिथून बोलावणं येतं, आणि नेमकं त्याच आठवड्यात काकांना पडसं होतं. मला पोहता येतं का, हे मात्र अजून कोणी विचारलेलं नाही.