नऊ कणसांचा हुरडा

जानेवारीतल्या एका रविवारी मी मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, रानातली, कागदी पिशव्या घातलेली नऊ कणसं मोडली आणि ऑफिसातल्या चार मित्रांना हुरडा भाजून खायला घातला. पिशव्या पाहून मला एकच अर्थ सुचला: पाखरं लागू नयेत म्हणून मामांनी निवडक कणसं जावयासाठी झाकून ठेवलीत. लग्नाला बारा वर्षं झाली होती, तरी सासुरवाडीच्या वेशीत शिरलो की माझी छाती आपोआप फुगायची.

मामा तेव्हा आमच्यासाठीच गुऱ्हाळावर ताजा गूळ आणायला गेले होते. जाताना सांगून गेले होते, "पाव्हणं, हुरडा वरच्या पट्टीतला घ्या. लय ग्वाड हाय." पण वरची पट्टी विहिरीपलीकडं, आणि मी साताऱ्याच्या कचेरीतला कारकून, चालायचा कंटाळा. खालची पट्टी बांधाला लागून होती. पिशव्यांवर पेन्सिलीनं आकडे लिहिले होते. तेही मी वाचले आणि त्याच कागदांनी आगटी पेटवली. छान पेटली.

खालची पट्टी हे मामांचं जुनं दुखणं. नदीचं पाणी मोटारीनं वर आलं, ऊस आला, वर्षानुवर्षं उसात पाणी तुंबलं आणि जमिनीतलं मीठ वर आलं. उन्हाळ्यात रान चुना सांडल्यासारखं पांढरं दिसायचं. ऊस गेला, गहू गेला. शेवटी मामांनी कणगीच्या तळाशी होता नव्हता तेवढा ज्वारीचा जुना शाळू तिथं पेरला. तोही पिवळा पडला. नऊ ताटं तेवढी हिरवीगार उभी राहिली. संशोधन केंद्रातल्या एका साहेबांनी ती पाहिली आणि दुसऱ्या ताटांचा पराग लागू नये म्हणून कणसांना पिशव्या बांधल्या. मीठ मुळाशीच अडवायचा गुण यांच्या जनुकात असेल, तर तो बियात उतरेल आणि हे रान पुन्हा पेरता येईल, असं ते म्हणाले. मामांनी ते आपल्या भाषेत करून घेतलं, "म्हंजी रगातच तसलं." तेव्हापासून सकाळी उठले की आधी ती नऊ ताटं बघून यायचे.

हे सगळं बायकोनं मला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा मी पेपरातून मान वर न काढता "हं" म्हणालो होतो.

मामा गूळ घेऊन आले. त्यांनी आधी आगटीकडं बघितलं, मग खालच्या पट्टीकडं. मी तोंडात हुरडा कोंबून म्हणालो, "मामा, तुम्ही राखलेली कणसं म्हणजे लोणी हो!"

मामा आगटीजवळ खाली बसले. मग गुळाचा पुडा सोडून माझ्यापुढं ठेवला. "खावा, खावा. गार व्हतंय."

पोटचा पोरगा असता तर पेटतं लाकूड पाठीत बसलं असतं. जावयाला गूळ मिळाला.

मी काय केलं होतं ते संध्याकाळी मामांच्या घरी बायकोकडून कळलं. मित्र साताऱ्याला गेले होते. माझी सोमवारी रजा होती. सोमवारी साहेब आले. मोडलेली ताटं बघून त्यांचा चेहराच उतरला.

"कुणी मोडली?"

मी दोन पावलांवर उभा होतो. बोलायला तोंड उघडलंही होतं.

"म्याच मोडली, सायेब," मामा म्हणाले. "पाव्हणं आलं व्हतं. ध्यानात न्हाई ऱ्हायलं."

"अहो, तुमच्याच रानासाठी चाललं होतं ना हे? एवढी साधी गोष्ट सांभाळता येत नाही तुम्हाला?"

"चुकलं."

सत्तरीचा माणूस माझ्या धाकट्या भावाच्या वयाच्या साहेबापुढं टोपी हातात घेऊन उभा होता. मी उघडलेलं तोंड मिटलं आणि बुटाच्या टोकानं एक पांढरं ढेकूळ फोडत बसलो.

साहेब पुन्हा आले नाहीत. मामांनी त्या पट्टीत पुढं काही पेरलं नाही. तिथं वेड्या बाभळी माजल्या.

त्या सोमवारी मी आणि बायको एसटीनं साताऱ्याला परतलो. कराड गेल्यावर मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात जाऊन मामांची नीट माफी मागतो."

"नको," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तुम्ही समोर असलात की माझ्या आबांना धड रागावताही येत नाही. पुढच्या वेळी मी एकटीच जाते. माझ्यापाशी तरी त्यांना तुम्हाला पोटभर शिव्या देता येतील."