हैबतरावांचे तीन उपास

पौडच्या पुढं, मुळशीच्या वाटेवर हैबतरावांची भातखाचरं होती. पन्नाशी उलटली तरी गडी ताटात आंबेमोहोराचा डोंगर रचून जेवायचा. आठवड्याला तीन उपासही करायचा. त्या दिवशी तर चुलीला उसंत नसे. साबुदाण्याची खिचडी, भगर, वर गूळ घालून उकडलेली रताळी. बायको चंद्राबाई म्हणायची, "अवं, त्यापरास तुमी जेवलेलं बरं."

बासष्टच्या उन्हाळ्यात त्यांना सारखी तहान लागायला लागली. लघवीला जाऊन जाऊन जीव मेटाकुटीला आला, सदरा अंगावर लोंबायला लागला. पौडच्या डॉक्टरांनी निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी दिव्यावर धरली. औषध हिरवं झालं, पिवळं झालं, शेवटी विटेसारखं लाल.

"साखर आहे, भरपूर. भात आणि गूळ बंद. साबुदाणा, रताळीसुद्धा."

"उपासाचं बी? ते कुटं अन्न हाय?"

"देवाला चालतं हो, पण पोटात गेलं की त्याची साखरच होते."

त्यांनी सकाळी घ्यायच्या गोळ्या दिल्या आणि गोळीवर जेवायचंच, असं बजावलं. पण रताळ्यांच्या दुःखात हैबतरावांना ते ऐकूच आलं नव्हतं. सोमवारी त्यांनी ईर्षेनं कडकडीत उपास धरला. गोळी घेतली आणि खाचराचा बांध घालायला गेले. दुपारी हात थरथरायला लागले, घामानं अंग भिजलं, खाली बसले ते उठवेना. चंद्राबाईनं धावत येऊन गुळाचं पाणी पाजलं. पंधरा मिनिटांत गडी ताळ्यावर आला.

डॉक्टर चांगलेच तापले. "गोळीनं साखर उतरते. वर तुम्ही उपाशी. मग ती किती उतरेल? गोळी चालू आहे तोवर उपास नाही."

हैबतराव गपगुमान सुधारले. अर्धी नाचणीची भाकरी, माठाची भाजी, अंडी, धरणातले मासे. भात चार घास. तीन महिन्यांनी नळीतलं औषध निळंच राहिलं. डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणली, पुढं बंदही केली, पण दर महिन्याला नळी दाखवायला यायचं ठरलं.

मग भूगावला भाचीचं लग्न निघालं. पंगतीत हैबतरावांनी बुंदी परत केली, भात परत केला, नुसती वांग्याची भाजी तेवढी मागून घेतली. हा हा म्हणता मांडवभर झालं, मामा रुसले. व्याही भिवाजी नवा फेटा घेऊन हात जोडत आले.

"काय चुकलं आमचं, पाव्हणं?"

हैबतरावांनी आधी फेटा बांधून घेतला. मग म्हणाले, "कायबी न्हाई. वांगी लई झ्याक झाल्याती. आनखी वाढा."