माझ्या खिशातला चष्मा

चौसाळ्याहून मेव्हण्यांचा फोन आला तेव्हा मी धारूरच्या बाजारात होतो. "अक्काला टेम्पोनं उडवलं..." एवढंच ते बोलले. हायवे ओलांडताना तिला टेम्पो दिसलाच नाही, असं नंतर सगळे सांगत होते. कसा दिसणार? माझी थोरली बहीण उणे सात नंबरचे डोळे घेऊन बावीस वर्षं बिनचष्म्याची वावरली, आणि त्यात माझाही हात होता.

आमचे आबा शेळ्या राखायचे. लांबची शेळी ते घंटीवरून ओळखायचे आणि आम्ही त्यांच्या तिखट कानांचं कौतुक करायचो. त्यांना लांबचं दिसतच नाही, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आठवीत अक्काला फळा दिसेना, तेव्हा आई म्हणाली, "लई वाचून डोळे घालवले पोरीनं." पुस्तकं बंद झाली. बीडच्या डॉक्टरांनी चष्मा दिला आणि समजावलं, की हिच्या डोळ्याचा गोळाच लांबट आहे. जवळचं वाचून, उन्हात कमी फिरून थोडी भर पडली असेल, पण मूळ वडिलांकडून आलंय, पुढं लेकरांतही उतरू शकतं. आईनं तेवढंच धरून ठेवलं. लेकरांत उतरतं म्हटल्यावर सोयरीक कोण करणार?

म्हणून पाहुणे आले त्या दिवशी अक्काचा चष्मा काढून माझ्या खिशात ठेवला गेला. अक्का अंदाजानं चालत आली आणि तिनं चहाचा ट्रे रिकाम्या खुर्चीपुढं धरला. "लाजाळू हाय पोरगी," पाहुणे हसले. लग्न जमलं. सासरी निघताना ती माझ्या कानात म्हणाली, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. तिथं कुठं लपवू?" आता बिंग फुटणार नाही म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं, त्याची आज शरम वाटते. पुढं एकदा म्हणालो, "आता तरी घाल की." तर म्हणाली, "आता कावून? सरूचं लगीन व्हायचंय."

सरू तिची लेक, कॉलेजात शिकते. तेराव्याला मी दारातून आत आलो तर डोळे बारीक करून बघत राहिली, अगदी अक्कासारखी. मी खिशातून तो ओरखडे पडलेला चष्मा काढून तिला दिला. तो लावून ती बराच वेळ हायवेकडं बघत उभी होती.

"मामा, हितून टेम्पोचा नंबरबी दिसतोय," ती हळूच म्हणाली. मग चष्मा काढून माझ्यापुढं धरला. "पुढल्या महिन्यात पाहुणे येनार हायेत... तुमच्याकडंच असू द्या."

या वेळी मी हात पुढं केला नाही.