खंड्याचा उपास

त्या गुरुवारी मी दत्तगुरूंशी भांडले. यजमान तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर होते, म्हणून साताऱ्याकडून येऊन आम्ही बेटेगावात भाड्याने राहत होतो. आमचा कुत्रा खंड्या आदल्या दिवसापासून अन्नाला शिवला नव्हता आणि सासूबाईंनी गावभर सांगितलं होतं, त्याने दत्ताचा उपास धरलाय.

खंड्या दत्ताच्या तसबिरीखाली मान वाकडी करून बसला होता. कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूचा हार. शेजारची मंजुळाबाई हात जोडून म्हणाली, "आमी आसा कुत्रा कदी बगला नाय. पुण्यवान हाय."

मला दिसत होतं ते वेगळंच. लाळ गळत होती, तोंडाला घाण येत होती, पंजाने तो सारखा गाल घासत होता. भाकरी हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, त्याला दुखतंय." सासूबाई म्हणाल्या, "मुकं जनावर देवाचं नाव घेतंय, तू मधी येऊ नगंस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस कण्हला की वैद्य आणि कुत्रा गप्प बसला की हार! जबड्याला हात लावायला गेले तर तो गुरगुरला. देवाच्या कुत्र्याला धरायला दर्शनाला जमलेली एकही बाई पुढे येईना. मग तसबिरीपुढे उभी राहून मी ओरडलेच, "तुमच्या पायाशी चार कुत्री आहेत. त्यांच्या तोंडात कधी डोकावलात का? कुणाला तरी पाठवा!"

तेवढ्यात दारात एक अनोळखी माणूस आला. हातात नारळ, खांद्याला हत्यारांची पिशवी. बांधकामावरचा परप्रांतीय कामगार. "माताजी, दर्शन मिलेगा?"

"दर्शन नंतर! आधी धरा त्याला!" मी खेकसले.

त्याने मुकाट्याने नारळ ठेवला आणि खंड्याला पोत्यात गुंडाळून घट्ट धरलं. मी जबडा फाकवला. दाढांच्या मध्ये, टाळूला हाडाचा तुकडा आडवा रुतला होता, भोवती पू. त्याच्याच पिशवीतल्या पकडीने मी तो ओढून काढला. खंड्या एकदाच किंचाळला. मी हात धुऊन येईपर्यंत तो माणूस निघून गेला होता. नेमका त्याच घटकेला तो कसा आला, हे मी कुणाला पटवत बसत नाही.

"उपास मोडला गं त्याचा," संध्याकाळी सासूबाई हळहळल्या. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पण देवावर भार टाकणं काय असतं, ते मला हात जोडून कधी कळलं नव्हतं. त्या दातांमध्ये हात घातला तेव्हा कळलं.

तो माणूस गेल्यावर लगेचच दत्तगुरूंपुढचं नैवेद्याचं ताट मी उचललं होतं आणि खंड्यासमोर ठेवलं होतं. त्याने ते चाटूनपुसून खाल्लं. मी तसबिरीला म्हणाले, "पोचला."