बंदूक कंप्लीट घ्यावी की घरी जोडावी?

बंदूक कितीही पुसा, नळीत काहीतरी चिकटून राहतंच. आमच्या जपानमधल्या ग्योतोकूच्या मराठी टोळक्याचे किस्से तसेच. रविवारी चिबाच्या मैदानावर जायचं, दोन गट पाडून लढायचं आणि येताना छर्ऱ्यांपेक्षा किस्सेच जास्त गोळा करून आणायचे! बंदुका खेळातल्याच, एअरसॉफ्टच्या, प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या. आमचा जीव बोल्ट-ॲक्शनवर. दर छर्ऱ्याला हाताने बोल्ट ओढा, मग चाप दाबा.

*

टोळक्याचे म्होरके विद्याधरकाका. बँकेने मुंबईहून इथे पाठवलेले, सल्ला न मागता देणारे. मी मेकॅनिकलचं मास्टर्स अर्धवट सोडलेला. तेव्हापासून पुण्यात बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. ती उणीव काका भरून काढतात!

एकदा त्यांच्या घरी सगळे जमलेलो असताना मी सांगितलं, "सुटे भाग आणून बंदूक घरीच जोडणार."

"कंप्लीट घे रे, माझ्यासारखी! बॉक्समधून काढली की सुरू. तुला मास्टर्स कंप्लीट जमलं नाही, बंदूक काय जोडतोस?"

"काका, तुम्ही बायकोसुद्धा पत्रिका जुळवून कंप्लीटच आणलीत!"

काकू आतून ओरडल्या, "आणि मला हे बिनवॉरंटीचे मिळाले!"

सगळे हसले. माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली. आता ही बंदूक पुरी करायची आणि मैदानावरच्या चाचणीत यांच्या देखत पास करून दाखवायची. बस!

*

जोडणी काकांच्याच डायनिंग टेबलावर, कारण माझ्या खोलीत टेबल उघडलं की दार उघडत नाही. मदतीला मोडकसर, मोठ्या संस्थेतले शास्त्रज्ञ. स्प्रिंग किती दाबायची याचा त्यांनी आधी लॅपटॉपवर ग्राफ काढला. मग दाबली. ती सुटली ती थेट काकूंच्या आमटीत!

"थिअरी करेक्ट होती," सर म्हणाले.

"स्प्रिंगने तुमचा पेपर वाचला नव्हता, सर!"

काकू शांतपणे म्हणाल्या, "गाळून वाढते."

*

एका शनिवारी धक्का बसला. अकरा सालच्या त्या मोठ्या भूकंपानंतर दिवा नुसता हलला तरी इथे सगळे टेबलाखाली शिरतात. मी मात्र स्क्रूंच्या ट्रेवर आडवा पडलो.

काका टेबलाखालून ओरडले, "जीव वाचव, गाढवा! स्क्रू नवीन मिळतील!"

हलायचं थांबलं. काका बाहेर आले. बगलेत त्यांच्या कंप्लीट बंदुकीचा बॉक्स!

त्यांची मुलगी ईरा हल्ली घरातही जपानीच बोलते. तिने बॉक्सकडे बघितलं, मग बापाकडे.

"मामा वा?"

म्हणजे, "आणि आई?"

*

दसऱ्याला काकांनी त्या कंप्लीट बंदुकीची शस्त्रपूजा केली. हळद, कुंकू, फूल. अक्षता टाकताना बोल्ट उघडाच होता! रविवारी मैदानावर तो जागचा हलेना. मला विचारण्यात कमीपणा, म्हणून काकांनी कंपनीच्या सर्व्हिसला फोन लावला आणि ईराला दुभाषी केलं.

"आत काय गेलंय, विचारतायत."

अक्षतांना जपानीत काय म्हणायचं? ईराने सरळ सांगून टाकलं, "तांदूळ."

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग अत्यंत नम्र प्रश्न आला,

"शिजलेला की कच्चा?"

*

शेवटी माझी बंदूक मैदानावर आली. आत सोडण्याआधी तिथे छर्ऱ्याचा वेग मोजतात. कायद्याच्या मर्यादेपुढे गेला की बंदूक परत पिशवीत. घरी जोडलेली म्हटल्यावर तर जास्तच कसून तपासणी. तपासणारा मशीनकडे बघत होता, टोळकं माझ्याकडे. पहिला छर्रा. पुन्हा बोल्ट ओढला. दुसरा छर्रा. त्याने दस्त्यावर पिवळा स्टिकर चिकटवला.

"गोकाकु!"

पास!

मोडकसरांनी शिट्टी मारली. काकांना राहवलं नाही. मला न विचारता त्यांनी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला आणि मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अहो, अभिनंदन! तुमचा मुलगा पास झाला!" आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला.

स्क्रीनवर बाबा. बंदूक खाली, त्यांना न दिसणारी. त्यांनी चष्मा लावला, मला नीट न्याहाळलं आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले,

"किती टक्के?"